घासून न टाकलेला अशोक

दलित साहित्य ओबडधोबड आहे, त्याच्यावर कलात्मक संस्कार व्हायला हवेत, असे सांगणारे समीक्षक आपण पुष्कळ ऐकले. त्यांना उत्तर देताना आपण आशयाचे बोलतो. पोताचे बोलत नाही. पोतालाही स्वतःचा आशय असतो, हे मला मीरा मुखर्जी यांच्या ‘कलिंगातील अशोक’ (१९७२) या कांस्यशिल्पाची छायाचित्रे पाहताना उमगले.

मुखर्जी (१९२३–१९९८) कलकत्त्याच्या. म्यूनिकच्या अकादमीत त्या शिकल्या. पण स्वतःची भाषा त्यांना सापडली ती बस्तरच्या घडवा ओतकाऱ्यांकडे. हा ओतकारी मातीच्या गाभ्यावर मेणाचे सूत शेजारी शेजारी गुंडाळतो, वर मातीचा लेप देतो. भट्टीत मेण वितळून जाते आणि त्याच्या रिकाम्या जागेत धातूचा रस उतरतो. मेणावर जे होते ते सारे धातू उचलतो: सुताची वळणे, जोड, बोटांचे दाबसुद्धा. साचा फोडावा लागतो, म्हणून तीच मूर्ती त्या साच्यातून पुन्हा निघत नाही.

ओतल्यानंतर या खुणा कानशीने घासून गुळगुळीत करता येतात. सत्ताधीशांचे बहुतेक पुतळे तसेच असतात. ते पाहून वाटावे की, या धातूला कुणाचा हात लागलाच नाही. मुखर्जींनी मेणाच्या पट्ट्या आणि वळ्या पृष्ठभागावर राहू दिल्या. त्यांचा अशोक उभा आहे, प्रचंड आहे. परंतु त्याच्या अंगभर रेषांची दाटी आहे. प्रकाश तिथे चकाकत नाही, अडखळतो. हाच अशोक चकचकीत केला असता तर तो कलिंगचा विजेता झाला असता. ज्याला आपल्या विजयाची शरम वाटली, तो माणूस या खरबरीतपणातूनच उभा राहतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीच्या दिवशी, बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली. ज्याचा वारसा आपण त्या दिवशी स्वीकारला, तो अशोक हाच.

पण इथे थांबणे अप्रामाणिक ठरेल. हे शिल्प आज दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या आवारात आहे. त्याच तंत्राने घडवलेला बस्तरचा घोडा मात्र ‘हस्तकला’ म्हणून विकला जातो आणि बहुतेक वेळा त्याच्यावर करणाऱ्याचे नाव नसते. तंत्र एकच असताना एक ‘कला’ आणि दुसरी ‘कारागिरी’ कशी होते? हा भेद धातूतला नाही; हाताने काम करणाऱ्याला खालचा ठरवणाऱ्या वर्णव्यवस्थेतला आहे. मुखर्जींना याची जाण होती. भारतभरच्या धातुकारागिरांमध्ये फिरून त्यांनी त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. तो १९७८ मध्ये प्रसिद्ध झाला. तरीही कलादालनांची उतरंड मोडली नाही.

आपल्या लिहिणाऱ्या मित्रांनाही एक सांगायचे आहे. खरबरीतपणा म्हणजे हयगय नव्हे. सूत सैल पडले तर रेघ फसते, लेपाला तडा गेला तर रस बाहेर वाहतो. ओतकाऱ्याच्या कामात शिस्त आहे. फक्त ती श्रम लपवण्यासाठी वापरलेली नाही. आपल्या भाषेवरची वस्तीची, राबणुकीची, शिव्यांची वळणे अशीच शिस्तीने ठेवलेली असावीत. मग कानस घेऊन येणाऱ्या समीक्षकाला आपण विचारू शकतो: तुम्हाला नेमके काय पुसायचे आहे, आमचा दोष की आमचा हात?