परत आली, पण कोणत्या गावाला? दिल्लीत परतलेल्या मूर्तींचे टीकात्मक वाचन

मराठी माणूस दिल्लीत कितीही वर्षे राहिलेला असो, दुसरा मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो : "गाव कुठलं?" या प्रश्नाला 'मयूर विहार' किंवा 'नोएडा' हे उत्तर चालत नाही. तो झाला राहण्याचा पत्ता. गाव म्हणजे जिथे तुमचे कुलदैवत आहे, जिथे कोणीतरी तुम्हाला आजोबांच्या नावाने ओळखते, ते ठिकाण. परदेशातून परत आलेल्या मूर्तींना या टिपणात आपण हाच प्रश्न विचारणार आहोत. अशा मूर्तींच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. त्यांत 'मायदेशी परतली' हा शब्दप्रयोग हमखास असतो. त्यातला 'देश' आपल्याला कळतो, पण गाव बहुधा सापडत नाही.

सुरुवात एका मूर्तीपासून करू. सप्टेंबर 2013 मध्ये जनपथावरील राष्ट्रीय संग्रहालयात एक योगिनी प्रेक्षकांसाठी मांडण्यात आली. वालुकाश्मातली, सुमारे दहाव्या शतकातली, वजन जवळपास 400 किलो. देह स्त्रीचा आणि मुख पशूचे. तिचे नाव वृषानना. वृष म्हणजे बैल, तरी बऱ्याच नोंदींत तिला म्हैसमुखी म्हटले आहे. (नाव एक सांगते आणि वर्णन दुसरे. अशी विसंगती दिसली की पाटी दोनदा वाचावी.) ही मूर्ती बुंदेलखंडातील लोखरी या उत्तर प्रदेशातल्या गावातून चोरीला गेली आणि पॅरिसमधल्या एका संग्राहकाकडे पोहोचली. त्याच्या मृत्यूनंतर त्याच्या पत्नीने 2008 मध्ये ती पॅरिसच्या भारतीय वकिलातीला दिली, आणि पाच वर्षांनी ती दिल्लीत आली.

आता क्रियापदाकडे लक्ष द्या. त्या बाईंनी मूर्ती 'देणगी' दिली, अशी नोंद आहे. त्यांच्या सद्भावनेबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. मूर्ती विकून टाकणे त्यांना सहज शक्य होते. पण ज्याची वस्तू त्यालाच ती देणगी म्हणून मिळाली, तर चोरीचा उल्लेख कागदावरून आपोआप गळतो. देणगी म्हटले की देणाऱ्याचे आभार मानायचे असतात. परत केली म्हटले की 'नेली कोणी?' हा प्रश्न उरतो.

दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. योगिनी एकटी नसते. योगिनींची मंदिरे म्हणजे त्यांचा समूह असतो, पुष्कळदा वर्तुळाकार, उघड्या आभाळाखाली. लोखरीलाही पशुमुखी योगिनींचा असा समूहच होता. कलेतिहासकार विद्या देहेजिया यांनी 1986 च्या आपल्या ग्रंथात तो नोंदवून ठेवला आहे. त्याच समूहातली अजामुखी, म्हणजे शेळीचे तोंड असलेली योगिनी इंग्लंडमधल्या एका घराच्या बागेत सापडली. जानेवारी 2022 मध्ये, मकरसंक्रांतीच्या सुमारास, ती लंडनच्या भारतीय उच्चायुक्तालयाकडे सोपवण्यात आली. तिचीही पुढची वाट दिल्लीचीच, पुरातत्त्व खात्याकडची. म्हणजे एका गावच्या दोन बहिणी, एक पॅरिसहून आणि एक इंग्लंडहून, दिल्लीला आल्या. लोखरी दोघींच्याही वाटेत नव्हते. संग्रहालयात योगिनी एक शिल्प म्हणून उभी राहते. तिच्या शेजारी कोण होती आणि वर्तुळात तिची जागा कोणती होती, हे तिच्याकडे नुसते पाहून कळत नाही.

"मग काय, उघड्यावर परत ठेवायची? पुन्हा चोरीला जाईल!" असे तुम्ही म्हणाल. आक्षेप खरा आहे, पण तो पूर्वी कोणी घेत असे, हे आठवा. लंडनची संग्रहालये आफ्रिकेला आणि आपल्याला हेच सांगत आली आहेत : तुमच्याकडे वस्तू सुरक्षित राहणार नाहीत. तेच वाक्य आज दिल्ली लोखरीला ऐकवते. ते खोटे नाही, पण कोणाच्या तोंडी आहे हे पाहिलेच पाहिजे.

आता जनपथावरून मथुरा रोडला या. पुराना किल्ल्याच्या कमानीदार खोल्यांत 31 ऑगस्ट 2019 रोजी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने एक दालन उघडले, जप्त केलेल्या आणि परत मिळवलेल्या पुरावस्तूंचे. हे नावच टीकेचा विषय आहे. जप्त केलेल्या वस्तू म्हणजे देशाबाहेर जाण्याआधी तपास यंत्रणांनी पकडलेल्या, आणि परत मिळवलेल्या म्हणजे बाहेर जाऊन आलेल्या. म्हणजे एरवी काळ, शैली, प्रदेश असे वर्ग संग्रहालय करते, आणि इथे वर्ग केले आहेत ते गुन्ह्याच्या टप्प्याप्रमाणे. चोरीला सामोरे जाणारे दालन आपल्याकडे फारसे नाही, म्हणून या नावाचा प्रामाणिकपणा मला आवडतो. पण अशा मांडणीत वस्तूची ओळख 'सुटका झालेला मुद्देमाल' एवढीच उरण्याचा धोका असतो. चोळ कांस्यमूर्ती, मृण्मूर्ती आणि नाणी यांना जोडणारा धागा मग एकच राहतो, तो म्हणजे ती सारी राज्याच्या ताब्यात आली हा.

सगळे दिल्लीलाच का येते? कारण व्यवहार दोन राज्यसंस्थांमधला असतो. युनेस्कोचा 1970 चा करार राज्यांशी बोलतो. मागणीही राज्यानेच करायची असते. भारताने तो 1977 मध्ये स्वीकारला. तो मागच्या काळाला लागू होत नाही, त्यामुळे वसाहतकाळातली लूट त्याच्या कक्षेबाहेर राहते. देशातला पुरावस्तू व कलानिधी कायदा 1972 चा, अमलात आला 1976 मध्ये. या चौकटीत 'घर' या शब्दाचा अर्थ भारत सरकार असा होतो. अमेरिकेशी याच विषयावरचा करार 26 जुलै 2024 रोजी झाला, तोही दिल्लीत. 2016 पासून अमेरिकेने परत केलेल्या वस्तूंची संख्या त्या सप्टेंबरात 578 वर गेली. एवढे आकडे पुरेत. आकड्याने सरकारचे यश मोजता येते, पण त्यातून गाव कळत नाही.

कायद्याला गाव दिसतच नाही, असे मात्र नाही. तमिळनाडूतील पत्तूरच्या नटराजाचा खटला लंडनमध्ये चालला. तिथल्या अपील न्यायालयाने 1991 मध्ये मान्य केले की मंदिर स्वतः दावेदार होऊ शकते. ते मंदिर तेव्हा पडक्या अवस्थेत होते, तरीही! एका परक्या न्यायालयाने पडक्या देवळाचा शब्द ऐकला, ही घटना प्रत्येक अभ्यासक्रमात असायला हवी.

दिल्लीहून पुढे गेलेल्या दोन मूर्ती शेजारी शेजारी ठेवून पाहा. श्रीपुरंदान या तमिळ गावच्या मंदिरातला नटराज चोरीला गेला, 2008 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनाने तो सुमारे 50 लाख अमेरिकी डॉलरना विकत घेतला, आणि सप्टेंबर 2014 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी तो दिल्लीत आपल्या पंतप्रधानांच्या हाती दिला. चोरी सिद्ध व्हायला उपयोगी पडली ती पाँडिचेरीच्या फ्रेंच संस्थेने 1994 मध्ये मंदिरात काढून ठेवलेली छायाचित्रे. नटराज तमिळनाडूत गेला खरा, पण मंदिरात नव्हे, तर कुंभकोणमच्या सरकारी मूर्तिकेंद्रात.

दुसरी मूर्ती अन्नपूर्णेची. साधारण 1913 मध्ये ती काशीहून कॅनडात नेली गेली आणि पुढे रेजायना शहरातील मॅकेन्झी कलादालनात राहिली. तिथल्या एका कलाकर्तीच्या लक्षात आले की ही मूर्ती इथली नव्हे. नोव्हेंबर 2021 मध्ये दिल्लीत ती उत्तर प्रदेश सरकारकडे देण्यात आली, चार दिवस मिरवत नेली आणि 15 नोव्हेंबरला काशी विश्वनाथाच्या आवारात तिची प्रतिष्ठापना झाली.

एकीला देऊळ मिळाले, एकाला कुलूपबंद खोली. फरक सुरक्षेचा आहे असे म्हणता येईल, पण तेवढाच नाही. काशी हे देशभर ठाऊक असलेले नाव आहे, तिथली मिरवणूक सर्वत्र दिसते. श्रीपुरंदान कुठे आहे हे दिल्लीत कोण सांगेल? परतण्याचा सोहळा जिथे दिसेल तिथे गावही सापडते, असा माझा संशय आहे. तो तुम्ही खोडून काढलात तर मला आनंदच होईल.

हा पेच आपला एकट्याचा नाही. आफ्रिकेत तो अधिक उघडपणे भांडला गेला आहे. आजच्या नायजेरियातील बेनिन राज्यावर 1897 मध्ये ब्रिटिश सैन्याने हल्ला केला, राजवाडा लुटला आणि हजारो कांस्यशिल्पे युरोपभर विखुरली. जर्मनीने 2022 मध्ये अकराशेहून अधिक वस्तूंची मालकी नायजेरियाकडे देण्याचा करार केला. पुढच्याच मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष बुहारी यांनी फर्मान काढले की या वस्तूंचा मालक बेनिनचा राजा, म्हणजे ओबा. युरोपात ओरड झाली : आम्ही राष्ट्राला दिले, तुम्ही एका घराण्याला कसे देता? केंब्रिज विद्यापीठाने आपला ठरलेला कार्यक्रम पुढे ढकलला. ओबाचे समर्थक विचारत होते, लुटले कोणाला होते? 1897 मध्ये नायजेरिया नावाचे राष्ट्र होते तरी का? दोन्ही बाजूंत तथ्य आहे. आपल्याकडे असा जाहीर वाद झाला नाही, हे मला आपल्या शहाणपणाचे लक्षण वाटत नाही.

याच खंडातल्या बेनिन देशाची (वरचे बेनिन राज्य वेगळे, गोंधळू नका) गोष्ट माती दिओप यांच्या 'दाहोमे' या माहितीपटात आहे. त्याला 2024 च्या बर्लिन महोत्सवात सुवर्ण अस्वल मिळाले. फ्रेंच सैन्याने 1892 मध्ये लुटलेल्या वस्तूंपैकी 26 वस्तू 2021 मध्ये पॅरिसहून परत आल्या, त्यांचा हा प्रवास. एक मूर्ती फोन भाषेत स्वतः बोलते, पेटीतल्या अंधारातून. पण चित्रपटाचा गाभा आहे तो अबोमे-कालावी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांची चर्चा. कोणी म्हणते, हजारोंपैकी 26 हा अपमान आहे. कोणी विचारते, माझ्या खेड्यातली मुले हे पाहायला राजधानीत कशी येणार? सोहळ्यानंतर प्रश्न विचारणारी ही मुले तुमच्याच वयाची आहेत. पुराना किल्ल्याचे दालन उघडल्यावर दिल्लीच्या कोणत्या महाविद्यालयात अशी चर्चा झाली?

महाराष्ट्रापुरते थोडक्यात. जुलै 2024 मध्ये साताऱ्याच्या संग्रहालयात आलेली वाघनखे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने तीन वर्षांसाठी उसनी दिली आहेत. ती शिवछत्रपतींनी वापरलेलीच का, याची खात्री देता येत नाही, असे ते संग्रहालयच सांगते. रघूजी भोसल्यांची तलवार राज्य सरकारने 2025 मध्ये लंडनच्या लिलावातून सुमारे 47 लाख रुपये मोजून सोडवली. बातम्यांत दोन्ही 'परत आल्या'. योगिनी देणगी, वाघनखे उसनी, तलवार विकत : एकाच 'परत' शब्दाखाली तीन वेगळे व्यवहार.

शेवटचा थांबा पुन्हा जनपथ. राष्ट्रीय संग्रहालयात मध्य आशियाचा संग्रह आहे. ऑरेल स्टाइन यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत आजच्या शिनजियांग व गान्सू प्रांतांतून आणलेल्या हजारो वस्तूंचा हा दिल्लीच्या वाट्याला आलेला भाग : मीरानच्या भिंतींवरून काढलेली चित्रे, दुनहुआंगची रेशमी पताकाचित्रे, अस्तानाच्या थडग्यांतल्या वस्तू. स्टाइनच्या तिसऱ्या मोहिमेचा सगळा खर्च भारत सरकारने, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश सरकारने केला होता. 'पैसे आम्ही दिले' हा दिल्लीचा आधार, आणि ऑस्ट्रेलियाच्या कलादालनानेही नटराजासाठी पैसे मोजलेच होते. स्टाइनच्या परिश्रमाने पुष्कळ काही वाचले, हे मान्य. लंडनही एल्गिनबद्दल तेच म्हणते. चीनमध्ये स्टाइनला लुटारू मानणारे पुष्कळ आहेत. त्या दालनात उभे राहून आपण कोणत्या बाजूला आहोत, हे ठरवणे मला अजून सोपे गेलेले नाही.

आता स्वाध्याय. दोन्ही ठिकाणी जा, जाण्याआधी वेळा पाहून घ्या. प्रत्येक ठिकाणच्या पाच पाट्या जशाच्या तशा उतरवा. कोणत्या पाटीवर गावाचे नाव आहे, कोणत्यावर नुसते राज्य किंवा देश आहे, वस्तू कशी आली यासाठी कोणते क्रियापद वापरले आहे आणि कुठे क्रियापदच नाही, यावर पेन्सिलीने खूण करा. परतलेल्या वस्तूंच्या पाट्या डाव्या पानावर लिहा आणि स्टाइनच्या उजव्या. पुढच्या तासाला त्या वह्या उघडूनच बसू.