दुर्बिणीच्या वर्तुळाबाहेर

पक्षिनिरीक्षणाच्या वाङ्मयांत एक पात्र पिढ्यान्‌पिढ्या न बदलतां चालत आलें आहे. अंधार असतांनाच तें घराबाहेर पडतें, रुळलेली वाट सोडून झाडोऱ्यांत शिरतें, तासन्‌तास निःशब्द उभें राहतें आणि मनुष्याचा वारा लागणार नाहीं अशीच जागा शोधतें. एकांत हें त्याचें भांडवल. हें पात्र पुरुष आहे असें कोणी लिहीत नाहीं. इतकें तें गृहीत धरलेलें असतें. तेंच पात्र स्त्री झालें म्हणजे या वाङ्मयाचें काय होतें, हें ज्यास पाहावयाचें असेल त्यानें फीबी स्नेट्सिंगर या अमेरिकन बाईंचें आत्मचरित्र आणि त्यांच्यावर पुढें लिहिलें गेलेलें चरित्र हीं दोन पुस्तकें शेजारीं शेजारीं ठेवून वाचावींत.

बाईंचा जन्म १९३१ चा. चार मुलांची ही आई. १९८१ सालीं तिला त्वचेच्या कर्करोगानें गांठलें आणि आयुष्याची मुदत फार थोडी उरल्याचें सांगण्यांत आलें. त्या मुदतीनंतर बाई जवळजवळ अठरा वर्षें जगल्या, आणि तीं सारीं वर्षें त्यांनीं जगांतील पक्षी पाहण्यांत घालविलीं. आठ हजारांहून अधिक जाती पाहणारी पहिली व्यक्ति म्हणून १९९५ सालीं त्यांचें नांव झालें. १९९९ च्या नोव्हेंबरांत मादागास्करमध्यें मोटार उलटून त्यांचा अंत झाला. त्यांचें ‘बर्डिंग ऑन बॉरोड टाइम’ हें आत्मचरित्र २००३ सालीं, म्हणजे मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालें. ऑलिव्हिया जेंटाइल यांनीं लिहिलेलें ‘लाइफ लिस्ट’ हें चरित्र २००९ चें.

या आयुष्यांतच १९८६ सालची एक घटना आहे. पापुआ न्यू गिनींत पक्षी पाहावयास गेल्या असतां पांच पुरुषांनीं बाईंवर सामूहिक अत्याचार केला. त्यानंतरही त्यांचे प्रवास थांबले नाहींत.

आतां वाचक येथें दोनपैकीं एका वाटेनें जातो. एक म्हणतो, “काय हें धैर्य!” दुसरा म्हणतो, “पण अशा ठिकाणीं जावेंच कशाला?” आमच्या मतें पहिला उद्गार दुसऱ्याहून फारसा उदार नाहीं. धैर्याची स्तुति केली कीं वाचक सुटतो. पुढें कांहीं विचारण्याची जबाबदारी त्याच्यावर राहत नाहीं. आणि दुसऱ्या प्रश्नाला तर उत्तर तयारच आहे. २०१२ च्या सप्टेंबरांत न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कांत, दिवसाढवळ्या, त्र्याहत्तर वर्षांच्या एका पक्षिनिरीक्षक स्त्रीवर बलात्कार झाला. पूर्वीं एकदां त्याच बागेंत अश्लील चाळे करणाऱ्या मनुष्याचें छायाचित्र तिनें घेतलें होतें. तेव्हां दूरचें रानटी बेट आणि सुधारलेलें शहर असा जो सोयीचा भेद आपण मनांत करून ठेवतों, तो येथें टिकत नाहीं.

आत्मचरित्राचा ओघ पक्ष्यांचा आहे. एक जात पाहून झाली कीं लेखणी दुसरीकडे धांवते. अशा ओघांत मनुष्यानें केलेल्या आघाताला थांबून पाहण्यास जागा मिळणें कठीण. यादीला दुःखाचा रकाना नसतो. याबद्दल बाईंस दोष देणें आम्हांस अनुचित वाटतें. ज्याच्या अंगावर तें आलें त्यानें तें किती सांगावें, हा त्याचा अधिकार आहे. मात्र वाङ्मयप्रकार म्हणून पाहतां यादीची ही मर्यादा लपत नाहीं, आणि चरित्रकर्तीचें काम नेमकें तेथूनच सुरू होतें. पक्ष्यांमागें धांवणें ही मुक्तता होती कीं पळून जाणें, हा प्रश्न जेंटाइलबाई विचारतात. त्या न्यायाधीश होत नाहींत, ही त्यांच्या पुस्तकाची मोठी शोभा होय.

या प्रश्नाचें एक अगदीं व्यावहारिक अंग आहे, आणि त्याकडे समीक्षकांनीं पाठ फिरवूं नये. आठ पट मोठें दाखविणाऱ्या सामान्य दुर्बिणींतून साधारण सात-आठ अंशांचेंच वर्तुळ दिसतें. तेवढें सोडून बाकीचें जग पाहणाऱ्यास त्या क्षणीं नाहींसें झालेलें असतें. कान पानांआडच्या शिळेकडे लागलेले असतात, मान वर असते. जी एकाग्रता या छंदाचें सर्वस्व, तीच बेसावधपणा. मार्गदर्शक पुस्तकें कपड्यांचा रंग फिका असावा, टिपणवही खिशांत असावी, हें निगुतीनें सांगतात. कोठें जातों व केव्हां परतणार हें घरीं सांगून ठेवावें, अनोळखी जागीं सोबत घ्यावी, पाठीमागें काय आहे तें मधून मधून दुर्बीण खालीं करून पाहावें, आणि मन चरकलें तर कितीही दुर्मिळ पक्षी समोर असला तरी निघून यावें, हें जेथें सांगितलेलें असतें तेथें तें बहुधा स्त्रियांसाठीं वेगळें काढलेल्या परिच्छेदांत असतें. म्हणजे सावधगिरीचा सारा भार जिच्यावर संकट येतें तिच्याच शिरीं. बरोबरच्या पुरुषांनीं काय करावें, निरीक्षकांच्या मंडळांनीं काय करावें, याचा परिच्छेद कोठें आहे?

फ्लॉरेन्स मेरियम यांनीं १८८९ सालीं ‘बर्ड्‌स थ्रू ॲन ऑपेरा-ग्लास’ लिहिलें, तेव्हां नाटकगृहांतील छोटी दुर्बीण घेऊन पक्षी पाहणें हें सभ्य स्त्रीस शोभतें, एवढें सांगणें हाच मोठा पल्ला होता. १८९६ च्या त्यांच्या एका पुस्तकांत त्या कॅलिफोर्नियांत घोड्यावरून पक्षी पाहत हिंडतात. पोरकट वाटेल, पण तो घोडा आम्हांस फार आवडला. त्याच्या पाठीवरून दूरचें दिसतें, आणि वेळ पडल्यास पळतांही येतें!

या दोन पुस्तकांपैकीं एकच मराठींत आणावयाचें झाल्यास आम्ही जेंटाइलबाईंचें निवडूं. स्नेट्सिंगरबाईंचें आत्मचरित्र शेंकडों परदेशी पक्ष्यांच्या नांवांनीं भरलेलें आहे; त्या नांवांना मराठी प्रतिशब्द नाहींत, आणि घडविले तरी ते वाचतांना अडखळावें लागेल. चरित्रांत मात्र भाषांतरकारास अडचण पडेल ती पक्ष्यांची नव्हे. १९८६ च्या त्या प्रकरणासाठीं आपल्या भाषेंत जे शब्द रूढ आहेत, ते बहुतेक सारे स्त्रीची अब्रू गेली असें सांगणारे आहेत. पुरुषांनीं गुन्हा केला असें सांगणारे थोडे.