हाड कोणी सांधले?

मनमाडच्या रेल्वे कारखान्यात पुलांचे लोखंडी गर्डर तयार होतात. गर्डरला तडा गेला, तर तो बाहेरूनच दुरुस्त करावा लागतो. मोडलेले हाड मात्र नीट बसवून स्थिर ठेवले, तर बहुधा आपले आपणच जुळून येते. प्लेटलेट्सच्या उपचाराचे मूल्यमापन करताना आम्हाला हाच फरक महत्त्वाचा वाटतो.

या उपचारात रुग्णाचेच रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये वेगाने फिरवून प्लेटलेट्स, म्हणजेच रक्तबिंबिका, एकवटतात आणि हाडाच्या जागी सोडतात. बिंबिकांतून पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिने स्रवतात. तेव्हा कल्पना तर्काला धरून आहे. १९९८ साली अमेरिकेतील रॉबर्ट मार्क्स व सहकाऱ्यांनी जबड्याच्या ८८ रुग्णांवर ती पडताळली. बिंबिका घातलेले हाडाचे कलम साध्या कलमापेक्षा दीडपटीहून अधिक वेगाने पक्व झालेले क्ष-किरण चित्रांत दिसले. परंतु हाडाचे कलम दोन्ही गटांत होते. बिंबिका केवळ मदतीला होत्या. शिवाय जबड्यावरचा निष्कर्ष नडगीला जसाच्या तसा लावता येत नाही. २०१२ मध्ये कॉक्रेनच्या समीक्षकांनी हातापायांच्या लांब हाडांवरील चाचण्या धुंडाळल्या, तेव्हा निकषांत बसणारी एकच सापडली. तिच्यात रुग्ण होते अवघे २१! एवढ्यावरून उपचार निरुपयोगी ठरत नाही, तसा सिद्धही होत नाही.

‘इंजेक्शन घेतले आणि हाड जुळले’ हे ऐकून विद्यार्थ्यांनी थांबू नये. इंजेक्शनावाचून ते किती दिवसांत जुळले असते, हा प्रश्न शिक्षकांनी वर्गात जरूर विचारावा.