गल्लीचे बखरकार

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या धर्मग्रामात मुंबईहून येऊन स्थायिक झालेले एक कुटुंब आहे. गिरगावाकडील त्यांची वाडी पुनर्बांधणीसाठी पाडली गेली आणि ही मंडळी वसईस आली. घरातील आजी नव्वदीच्या उंबरठ्यावर होत्या. सकाळी काय खाल्ले हे त्यांना आठवत नसे, परंतु वाडीतील प्रत्येक जिन्याच्या पायऱ्या आठवत. एके संध्याकाळी आम्ही त्यांच्या भेटीस गेलो असता नातवाने संगणकावर एक पान उघडून ठेवले होते. वाडीच्या शेजारच्या गल्लीत वाढलेल्या, या कुटुंबास सर्वस्वी अपरिचित अशा एका गृहस्थाने आपल्या परिसराविषयी लिहिले होते. पहाटेची पावाची भट्टी, नळावरची रांग, नाताळात दारोदार लागणारे कागदी तारे आणि मधल्या अंगणातील चिंचेखालची विहीर, असे सारे त्यात होते.

नातू वाचून दाखवीत होता. आजी मध्येच म्हणाल्या, "बाव होती, खरे आहे. पण चिंचेखाली नव्हे, फणसाखाली. चिंच शाळेच्या बाजूला होती." नातवाने त्याच रात्री लेखकाला तसे कळवले. आठवड्याने पाहतो तो मजकुराखाली चार ओळी वाढलेल्या! आपली चूक झाली, वाडीतील एका ज्येष्ठ रहिवाशांनी ती दाखवून दिली, त्यांचे आभार. मूळ चूक खोडून टाकली नव्हती. तिच्या शेजारी दुरुस्ती ठेवली होती.

पुढे आजी निवर्तल्या. दफनविधी आटोपल्यावर नातू ते पान पुन्हा शोधू लागला. ते आता उरलेच नव्हते.

या लहानशा प्रसंगाने आम्हांस एका लेखनप्रकाराविषयी विचार करावयास लावले. त्यास इंग्रजीत ब्लॉग म्हणतात. मराठीत कोणी 'अनुदिनी' म्हणतात, कोणी 'जालनिशी'. १९९९ साली 'ब्लॉगर' ही सेवा सुरू झाली आणि संगणकाचे तंत्र न जाणणाऱ्या माणसालाही स्वतःचे पान प्रसिद्ध करणे शक्य झाले. ना संपादक, ना मुद्रक, ना विक्रेता. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात मुंबईत असे लिहिणाऱ्यांचा एक मेळाच जमला. ही मंडळी एकमेकांचे वाचीत, एकमेकांस दुरुस्त करीत, आणि बहुतेकांचा विषय एकच असे : आपले शहर, आपली गल्ली. समीक्षकांनी या लेखनाकडे फारसे लक्ष दिले नाही. क्षणिक, हौशी, अपक्व, असे शेरे मारून ते मोकळे झाले. आम्हांस हा न्याय वाटत नाही.

मुळात हे लेखन निराधार नाही. त्याला पूर्वज आहेत. १८६३ साली गोविंद नारायण माडगांवकर यांनी 'मुंबईचे वर्णन' हा ग्रंथ प्रसिद्ध केला. मूळचे गोव्याचे, व्यवसायाने शिक्षक असलेल्या या गृहस्थाने मुंबईतील रस्ते, बाजार, देवळे, गिरण्या, निरनिराळ्या जातिधर्मांचे लोक, त्यांचे सण आणि सवयी यांची नोंद केली. राजेरजवाड्यांच्या बखरी लिहिणारे पुष्कळ होते. बाजाराची बखर लिहावी असे या शिक्षकास वाटले. तो ग्रंथ इंग्रजी वाचकांपर्यंत पोहोचण्यास २००८ साल उजाडावे लागले. पुढच्या काळात बेहराम कॉन्ट्रॅक्टर यांनी 'बिझी बी' या नावाने वर्षानुवर्षे वृत्तपत्रांत शहराचे रोजचे जगणे मिस्कीलपणे टिपले. ते २००१ साली वारले आणि थोड्याच वर्षांत मुंबईचे अनुदिनीकार लिहू लागले. दुवा तुटला नाही, माध्यम तेवढे बदलले.

अशा लेखनाची कसोटी कोणती लावावी? कथाकवितेची कसोटी येथे अपुरी पडते. आमच्या मते येथे पाहावयाचे ते एवढेच की, लिहिणारा प्रत्यक्ष तेथे उभा होता काय, आणि ज्यांच्याविषयी त्याने लिहिले त्यांच्यासमोर उद्या उभे राहण्याची त्याची तयारी आहे काय? हे साक्षीचे वाङ्मय आहे आणि साक्षीदाराचा गुण त्याच्या शब्दवैभवात नसतो.

२६ जुलै २००५ चा दिवस आठवावा. सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलीमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात त्याच शहराच्या दक्षिण टोकाला, कुलाब्याच्या वेधशाळेत, नोंद होती अवघ्या ७३ मिलीमीटरची! कुलाब्याच्या खिडकीतून पाहणाऱ्यास तो नेहमीचा पावसाळी दिवस होता. कुर्ला-कलिन्यातील माणूस पोटमाळ्यावर चढून बसला होता. महानगर हे एक गाव नसते, हे या दोन आकड्यांइतके स्पष्टपणे कोणत्याही निबंधाने सांगितलेले नाही. म्हणूनच गल्लीगल्लीतून लिहिणारे हवेत.

ही गरज तेव्हा काहींनी ओळखली होती. त्याआधी, डिसेंबर २००४ मध्ये सुनामी आली त्या दिवशी, पीटर ग्रिफिन, दीना मेहता व रोहित गुप्ता या मुंबईकरांनी मदतीच्या माहितीसाठी एक सामूहिक अनुदिनी उघडली होती. जगभरचे स्वयंसेवक तिला येऊन मिळाले. महापुराच्या वेळी 'क्लाउडबर्स्ट मुंबई' या नावाने तोच प्रयोग मुंबईसाठी झाला. ११ जुलै २००६ रोजी पश्चिम रेल्वेच्या लोकल गाड्यांत सात स्फोट झाले आणि १८० हून अधिक माणसे प्राणास मुकली. दूरध्वनीच्या वाहिन्या कोंडल्या होत्या. तेव्हा 'मुंबई हेल्प' या अनुदिनीवर दूरदेशीचे लोक आपल्या आप्तांची नावे व क्रमांक लिहून ठेवीत, आणि मुंबईतील अनोळखी माणसे ते क्रमांक पुनःपुन्हा लावून निरोप परत कळवीत. कोणी कोणास ओळखत नव्हते. "लागला, सुखरूप आहेत" एवढेच दोन-तीन शब्द. अलंकार नाही, उपमा नाही. परंतु ज्याच्यासाठी ते लिहिले गेले त्या दूरच्या आईबापांना त्याहून थोर वाक्य कोणत्या ग्रंथात सापडले असते?

यानंतर घडले ते विपरीत होते. त्याच महिन्यात शासनाने आंतरजालावरील वीसहून कमी पाने बंद करण्याचा आदेश काढला आणि सेवा पुरवणाऱ्या अनेक कंपन्यांनी काही अनुदिनी-सेवांचे सरसकट दारच लावून टाकले. ज्या घरात 'मुंबई हेल्प' राहत होती तेही घर त्यात आले. काही दिवसांत दार उघडले खरे. पण पुढे जे दिसले ते अधिक चिंताजनक होते. नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या पालघरमध्येच, मुंबई बंद राहिल्याबद्दल फेसबुकवर दोन ओळी लिहिल्या म्हणून एका तरुणीस, आणि त्या आवडल्याची खूण केली म्हणून तिच्या मैत्रिणीस, अटक झाली. ज्या कलमाचा तेव्हा आधार घेतला गेला ते ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द ठरवले. शेजाऱ्यापुढे उत्तरदायी असणे आणि शेजाऱ्याच्या धाकात असणे, या दोन गोष्टींत जमीनअस्मानाचा फरक आहे. पहिलीने लेखन सुधारते, दुसरीने ते मरते.

संकटकाळ सोडून नित्याच्या लेखनाकडे वळू. गोपाल एम. एस. यांची 'मुंबई पॉज्ड' ही छायाचित्रांची अनुदिनी आम्हांस विशेष वाटते. राणीचा रत्नहार, गेटवे, सागरी सेतू यांपाशी न थांबता ती रस्त्यावरची माणसे, भिंतींवरचे फलक, पाट्या आणि उपनगरांतील अर्धवट इमारती यांपाशी थांबते. आपण रोज ज्यावरून नजर फिरवून पुढे जातो तेथे ती आपणास उभे करते. दुसरे उदाहरण नरेश फर्नांडिस यांचे. मुंबईतील जॅझ संगीताचा इतिहास सांगणारे 'ताज महाल फॉक्सट्रॉट' हे त्यांचे पुस्तक २०१२ च्या शक्ती भट्ट पारितोषिकाचे मानकरी ठरले. त्याच नावाची अनुदिनीही त्यांनी चालवली आणि पुस्तकात न मावणारे ध्वनिमुद्रण तिच्यावर ठेवले. हिंदी चित्रपटसंगीतास ज्यांनी आपले श्वास दिले त्या गोव्याच्या वादकांची नावे पडद्यावर क्वचितच झळकली. त्यांतील चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शाव्हियेर वाझ, यांच्यासारख्यांना येथे नाव मिळाले आणि सूरही मिळाला. केवळ कागदाच्या पुस्तकास हे जमले नसते.

गुणांइतकेच दोषही सांगितले पाहिजेत, एरवी ही समीक्षा न राहता स्तुतिपाठ होईल. पहिला दोष भाषेचा. या मेळ्याचा मोठा भाग इंग्रजीतून लिहीत आला. परिणामी ज्या शहराचे वर्णन होते त्या शहरातील कोळीण, गिरणी कामगार, मोलकरीण या वर्णनात येतात त्या विषय म्हणून. लेखक म्हणून नव्हे. त्यांच्या घरची विहीर कोणत्या झाडाखाली होती हे चुकले, तर दुरुस्त करावयास त्यांस ती भाषाच येत नाही. दुसरा दोष स्मरणरंजनाचा. जुन्या वाड्यांविषयी लिहिताना लाकडी जिना आणि इंदेलचा वास पुष्कळ येतो. भाडेकरूंचे हक्क, गळकी छपरे आणि वाडी सोडताना मिळालेली किंवा न मिळालेली भरपाई क्वचितच येते. गोड आठवण हीही साक्षच, पण अर्धी.

तिसरा दोष अलीकडचा आणि अधिक गंभीर. माणसांच्या कहाण्या आता माल झाल्या आहेत. २०१४ मध्ये सुरू झालेल्या 'ह्यूमन्स ऑफ बॉम्बे' या उपक्रमाने २०२३ मध्ये तशाच दुसऱ्या एका उपक्रमाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात नक्कलेची तक्रार नेली. कल्पनेवर कोणाची मालकी नसते, तिच्या विशिष्ट आविष्कारावर असते, असे न्यायालयाने स्पष्ट केले. कायद्याचा प्रश्न तेथे मिटला. आमच्या मनातला मिटला नाही. ज्यांची दुःखे त्या कहाण्यांत होती ती माणसे या वादात पक्षकार नव्हती. शेजाऱ्याचे दुःख ऐकून ते लिहून ठेवणारा साक्षीदार होतो; ते आपल्या मालमत्तेत जमा करणारा कोण होतो, हे वाचकांनीच ठरवावे.

आता अखेरच्या आणि आमच्या दृष्टीने सर्वांत दुखऱ्या मुद्द्याकडे येतो. हे वाङ्मय विरघळून जात आहे. हजारो हौशी लेखकांची पाने सांभाळणारी 'जिओसिटीज' ही वसाहत २००९ मध्ये जगाच्या बऱ्याच भागांत बंद झाली. अनेक अनुदिन्या एकत्र वाचण्याची सोय करणारे 'गुगल रीडर' २०१३ मध्ये बंद झाले. लिहिणारे हळूहळू फेसबुककडे आणि तेथून व्हॉट्सॲपकडे गेले. तेथे मजकूर पुष्कळ आहे, परंतु त्याला पत्ता नाही. कोणी लिहिले, कोठून लिहिले, चूक कोणास कळवावी, काहीच समजत नाही. अनुदिनीकाराचे नाव व गल्ली ठाऊक असे; म्हणूनच त्या आजींची दुरुस्ती त्याच्यापर्यंत पोहोचू शकली. पुढे पाठवलेल्या निनावी मजकुरात ती कोठे पोहोचणार होती? पत्ता गेला की उत्तरदायित्व जाते, आणि ते गेले की उरते ती केवळ वदंता.

माडगांवकरांचा ग्रंथ दीडशे वर्षांहून अधिक टिकला, कारण तो कोठल्या ना कोठल्या ग्रंथालयात कागदावर उभा होता. आजच्या अनुदिनीकाराच्या मागे असे ग्रंथालय नाही. सेवा देणाऱ्या कंपनीची मर्जी आहे. तेव्हा या लेखकांनी आपले निवडक लेखन छापून ग्रंथालयास द्यावे, आणि ग्रंथालयांनी ते आदराने स्वीकारावे. वाचकांनीही केवळ वाचून थांबू नये. आपल्या गावठाणाविषयी, वाडीविषयी कोठे चुकीचे लिहिलेले आढळले तर हसून सोडून देऊ नये, लेखकाला कळवावे. घरातील वडीलधाऱ्यांस जे आठवते ते त्यांच्याच बोलीत उतरवून घ्यावे, खाली तारीख घालावी, सांगणाऱ्याचे नाव घालावे. शैलीची काळजी करू नये. फणस की चिंच, याची मात्र करावी.

त्या नातवाने आता तेच केले आहे, असे परवा कळले. नाहीसे झालेल्या पानातले जे जे आठवले ते त्याने वहीत उतरवले आहे. वहीच्या पहिल्या पानावर त्या अपरिचित गृहस्थाचे नाव आहे, दुसऱ्यावर आजीचे. मधल्या अंगणाचा एक आराखडाही काढला आहे. त्यात विहीर फणसाखाली आहे.