गिटारचा ध्वनी : स्वच्छ आणि विकृत

विजेच्या गिटारच्या ध्वनीविषयी रसिकांत दोन पक्ष पडलेले आहेत. एका पक्षास तारेचा निर्मळ, घंटेसारखा स्वर हाच काय तो संगीत वाटतो. तो स्वर फाटला किंवा गर्जू लागला की त्याच्या मते संगीत संपले व गोंगाट सुरू झाला. दुसऱ्या पक्षास ही गर्जनाच वाद्याचे खरे तारुण्य वाटते आणि निर्मळ स्वर म्हणजे वडीलधाऱ्यांची करमणूक. हा वाद आवडीनिवडीचा म्हणून सोडून देता आला असता. परंतु दोन्ही पक्षांची एक समजूत समान असून ती तपासून पाहण्याजोगी आहे. ती अशी की, रचना आधी असते आणि ध्वनी हा तिच्या अंगावर मागाहून चढविण्याचा पोशाख होय. आमचे म्हणणे याच्या उलट आहे. ध्वनी एकदा ठरला की कोणते स्वर एकत्र वाजविता येतील, हाताचे कोणते काम ऐकू येईल व कोणते बुडून जाईल, हेही बव्हंशी ठरून जाते. म्हणून ध्वनीची निवड हा रचनेचाच पहिला भाग समजला पाहिजे.

प्रथम यंत्राचा थोडा विचार करू. वीणेला भोपळा असतो, सतारीला भोपळा असतो; विजेच्या गिटारचे लाकूड मात्र बहुधा भरीव असते व तिच्या तारांचा आवाज खोलीच्या दुसऱ्या टोकासही धड पोहोचत नाही. तिचा भोपळा तिच्यापासून दूर, अँप्लिफायरच्या रूपाने ठेवलेला असतो. तारेच्या कंपनापासून उत्पन्न झालेली क्षीण विद्युत्‌लहर हे यंत्र मोठी करते. लहर यंत्राच्या आवाक्यात असेतोवर तिची केवळ मोठी प्रतिकृती बाहेर पडते; हाच स्वच्छ ध्वनी, वादकांच्या भाषेत 'क्लीन'. लहर आवाक्याबाहेर गेली म्हणजे तिची शिखरे छाटली जातात. या छाटणीचे दोन परिणाम होतात. मूळ स्वरात नसलेले किंवा नाममात्र असलेले उपस्वर बळावतात, आणि हलक्या व जोरकस आघातांतील अंतर कमी होते. कारण जोरकस आघाताची उंची यंत्राने कापून टाकलेली असते. डिस्टॉर्शन म्हणतात ते हेच. तेव्हा विकृती हे नाव त्यास अगदी यथार्थ आहे. प्रश्न एवढाच की प्रत्येक विकृती ही विद्रूपता असते काय?

इतिहास पाहता या विकृतीचा जन्म अपघातात झाला आहे. मेम्फिस येथे 1951 साली 'रॉकेट 88' या गीताचे मुद्रण झाले, तेव्हा विली किझार्ट याचा अँप्लिफायर प्रवासात मोडला होता व स्पीकरमध्ये कागद कोंबून वेळ निभावली, असे सांगतात. तो घरघरणारा आवाजच लोकांच्या कानात राहिला. पुढे अपघाताची जागा हेतूने घेतली. लिंक रे याने 1958 सालच्या 'रंबल'साठी पेन्सिलीने स्पीकरला भोके पाडली. डेव्ह डेव्हिस याने 1964 साली 'यू रिअली गॉट मी'साठी लहानशा अँप्लिफायरचा स्पीकर पात्याने चिरला. यंत्रे बांधणारे याच वेळी नेमक्या उलट दिशेने चालले होते. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांच्या कारखान्याने 1963 साली बाजारात आणलेला ट्विन रिव्हर्ब हा सुमारे 85 वॉटचा अँप्लिफायर म्हणजे स्वर कितीही मोठा केला तरी फाटू नये या प्रयत्नाचे फळ होय. म्हणजे कारागीर ज्यास दोष म्हणून हाकलीत होता, त्यास वादक गुण म्हणून घरात घेत होता. आमच्या मते या वाद्याच्या इतिहासातील सर्वांत मनोवेधक घटना हीच आहे.

आपल्या श्रोत्यांस यात नवल वाटण्याचे कारण नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर सुताचा दोरा सरकवून आपण जी जवारी लावतो, ती तरी काय आहे? तार निर्वेधपणे हलू न देता तिला घोडीच्या पृष्ठास घासावयास लावणे, आणि त्या घर्षणातून उपस्वरांचा झोत काढणे. जवारी गेलेला तंबोरा अधिक 'स्वच्छ' असतो, पण तो घेऊन कोणी गावयास बसत नाही. मात्र ही तुलना एका मर्यादेपर्यंतच खरी आहे. तंबोऱ्यात प्रत्येक तारेची जवारी तिची तिच्यापुरती असते. अँप्लिफायरमध्ये सर्व तारांच्या लहरी एकाच मार्गाने जातात व एकत्रच छाटल्या जातात. सर्व महत्त्वाचा फरक या एका गोष्टीतून निघतो.

तो फरक आकड्यांनी सांगितल्यावाचून नीट कळणार नाही. सेकंदास 110 आंदोलनांचा स्वर हा आपण षड्ज धरू. त्याचा पंचम 165. हे दोन स्वर एकदम छाटणीत सापडले की यंत्र त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर स्वतःच निर्माण करते. वजाबाकी 55 येते, म्हणजे त्याच षड्जाचा खालचा षड्ज. बेरीज 275, म्हणजे त्याच्याच कुटुंबातील गंधार. दोन बोटांनी दाबलेल्या जोडीस फुकटाचा खर्ज मिळतो व ती डोंगराएवढी भासू लागते. आता पंचमाऐवजी गंधार घ्या. गिटारचे पडदे सप्तकाच्या बारा समान भागांवर बसविलेले असल्यामुळे तिचा पंचम शुद्ध पंचमापासून नाममात्र ढळतो, परंतु गंधार चांगलाच चढा असतो, 137.5 च्या ठिकाणी तो सुमारे 138.6 असतो. जुळलेल्या तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार उमटतो, तसा गिटारच्या षड्जातही दडलेला आहे. तो 110 ची पाचपट, म्हणजे 550 वर. पडद्यावरच्या गंधाराचा चौपट उपस्वर मात्र 554 च्या वर. स्वच्छ ध्वनीत हे दोघे क्षीण असल्याने त्यांचा कलह कानाआड होतो. विकृतीने ते बळावले की त्यांच्या भांडणाचे सेकंदास चार हेलकावे ऐकू येतात, आणि वजाबाकीचा जो नवा स्वर खाली निर्माण होतो तोही षड्जाशी नीट जुळत नाही. परिणाम गढूळपणा. म्हणून ज्या वादकाने अतिविकृत ध्वनी पत्करला, त्याने गंधार बहुधा गमावला व तो षड्ज-पंचमावर येऊन ठेपला. 'पॉवर कॉर्ड' नावाची जी षड्ज-पंचमाची जोडी या संगीतात सर्वत्र आढळते, ती आळसाने आलेली नसून यंत्राच्या गणिताने आलेली आहे.

आता ध्वनीच्या पायऱ्या पाहू. स्वच्छ ध्वनीत काहीच लपत नाही. चार-पाच स्वरांचे नाजूक स्वरसंघ येथेच शोभतात. बोटाचा अलगद स्पर्श अलगद ऐकू येतो आणि चूकही तितकीच स्पष्ट. या ध्वनीतही एकजिनसीपणा नाही. फेंडरचा स्वच्छ स्वर पाण्यासारखा पारदर्शक. इंग्लंडात केंट परगण्यातील व्हॉक्स अँप्लिफायरचा स्वर तारस्थानी चकाकणारा. शॅडोज या वाद्यवृंदाच्या 1960 सालच्या 'अपाची'त ही चकाकी ऐकावयास मिळते; एकेरी स्वरांची साधी चाल केवळ तिच्या बळावर उभी आहे.

दुसरी पायरी काठावरची : हलके वाजविले तर स्वर निर्मळ, जोराने वाजविले तर फुटणारा. लंडनच्या हॅनवेल भागातील वाद्यविक्रेते जिम मार्शल यांच्या दुकानात 1962 च्या सुमारास फेंडरच्या बासमन अँप्लिफायरची मांडणी पुढे ठेवून, परंतु निराळे सुटे भाग वापरून जे यंत्र सिद्ध झाले, त्यातून हा ध्वनी विशेषेकरून प्रसिद्धीस आला. एरिक क्लॅप्टन याने जॉन मेऑलच्या 'ब्ल्यूजब्रेकर्स'बरोबर 1966 साली केलेली ध्वनिमुद्रिका या पायरीवर व तिच्या किंचित वर वाजलेली आहे. त्या काळी यंत्र पूर्ण मोठे केल्याशिवाय स्वर फुटत नसे. क्लॅप्टनने मुद्रणगृहातही ते तसेच मोठे ठेवण्याचा आग्रह धरला. येथे विकृतीने स्वराला मानवी कंठाचा दीर्घ श्वास दिला आहे, आणि हाताचा कमीअधिक जोरही शाबूत ठेवला आहे. आमच्या मते या वाद्यास साधलेले हे सर्वांत भावपूर्ण बोलणे होय.

तिसरी पायरी अतिप्रवर्धनाची, 'हाय गेन'ची. कॅलिफोर्नियातील रँडल स्मिथ यांनी आपल्या बूगी यंत्रांत प्रवर्धनाच्या पायऱ्या एकीपुढे एक जोडल्या व विकृती ही मोठ्या आवाजावर अवलंबून राहिली नाही. मार्शलनेही 1975 साली एकंदर आवाजाचे स्वतंत्र बटण देऊन तीच सोय केली. या ध्वनीत नुसता तारेस धक्का लागला तरी यंत्र गर्जते. म्हणून वादकाच्या हाताचे कर्तव्यच पालटते. स्वच्छ ध्वनीत स्वर वाजविणे हे हाताचे काम. येथे स्वर थांबविणे हे. मेटॅलिकाची 1986 सालची 'मास्टर ऑफ पपेट्स' ही ध्वनिमुद्रिका बूगी यंत्रांवरच वाजलेली आहे. ज्यांना तीत गोंगाट ऐकू येतो त्यांनी एकवार तिच्यातील शांततांकडे कान द्यावा. उजव्या तळहाताने तारा दाबून एकेका आघाताची शेपटी कापलेली आहे. दोन आघातांमधील ती निमिषमात्र पोकळी इतकी रेखीव आहे की तबल्याच्या बंद बोलाची आठवण व्हावी. गंधार गेला, परंतु त्याच्या मोबदल्यात लय आली. हा सौदा डोळसपणे केलेला असल्यामुळेच तेथे कला आहे.

येथेच एका भ्रमाचे निरसन केले पाहिजे. भारदस्तपणा म्हणजे विकृतीचे आधिक्य, असे पुष्कळांस वाटते. एसी-डीसी या वृंदातील माल्कम यंग याचे वादन याविरुद्ध उत्तम पुरावा आहे. 1980 सालच्या 'बॅक इन ब्लॅक'चे आरंभीचे आघात ऐकावेत. ध्वनी नावाजला आहे त्या मानाने त्यात विकृती किती अल्प आहे! म्हणूनच त्यास खुले, भरलेले स्वरसंघ वाजविता आले. ऐकणारास जे वजन भासते ते हाताच्या जोराचे व वेळेवर पडणाऱ्या घावाचे आहे, बटणाचे नव्हे.

हा सारा विचार आज निकडीचा झाला आहे. 1998 साली लाइन 6 या कंपनीने 'पॉड' नावाची जी लहानशी पेटी काढली, तिच्या मागोमाग अनेक यंत्रांचे ध्वनी संगणकाने हुबेहूब काढून देणारी साधने आली व आज ती विद्यार्थ्यासही परवडतात. ही साधने खोटी म्हणून त्यांस नाके मुरडणे आम्हांस मान्य नाही. आंधळ्या परीक्षेत भल्याभल्यांना फरक सांगता येत नाही, असा त्यांचा दर्जा झाला आहे. आमची तक्रार निराळी आहे. पूर्वीच्या वादकाजवळ एक यंत्र असे. त्याचा स्वभाव ओळखून त्यास आपली रचना घडवावी लागे. आजच्या तरुणापुढे शंभर ध्वनींची यादी असते. तो रात्री एकटा खोलीत बसून त्यांतील सर्वांत भव्य निवडतो, आणि महाविद्यालयाच्या संमेलनात तोच ध्वनी रंगमंचावर नेला की कोठे गडप होतो हे त्यास कळत नाही. कारण साधे आहे. एकट्यास भव्य वाटणाऱ्या ध्वनीत खर्ज व तार भरपूर आणि मधला पट्टा पोखरलेला असतो. वृंदात खर्ज बास गिटारचा, तार झांजांची, व गिटारची जागा नेमकी तो मधला पट्टा.

तेव्हा निवड करणाराने तीन प्रश्न विचारावेत. माझ्या रचनेतील स्वरसंघांत गंधार आहे काय, व तो मला ऐकू यावयास हवा आहे काय? मी हलका व जोरकस असे दोन आघात केले तर त्यांतील भेद उरतो काय, व तो उरावा अशी माझी इच्छा आहे काय? आणि इतर वाद्ये सुरू झाल्यावर माझा स्वर कोणत्या जागी उभा राहणार? या तिन्हींची उत्तरे ज्याच्यापाशी आहेत, त्याने खुशाल सर्वांत उग्र ध्वनी निवडावा. त्याच्या गर्जनेत अर्थ असेल. ज्याच्यापाशी ती नाहीत, त्यास अत्यंत निर्मळ ध्वनीही तारणार नाही. त्याची पोकळी तो फक्त अधिक स्पष्ट ऐकवील.