काट्यावर इनहेरिटन्स

रायपूरजवळच्या बीरगांवला लागूनच उरला हे औद्योगिक क्षेत्र आहे. रोलिंग मिल, स्पंज आयर्नचे कारखाने आणि मालाच्या गाड्या तोलायचे धर्मकाटे. भरलेली गाडी काट्यावर चढते, माल उतरवून रिकामी परत चढते, दोन वजनांतला फरक पावतीवर येतो. या पावतीचा प्रोग्राम जावात लिहायला बसलेला नवशिका पहिली ओळ कोणती लिहील, हे डोळे मिटून सांगता येतं. वाहन नावाचा क्लास, आणि त्याच्या पोटी ट्रक, हायवा, ट्रेलर.

त्याला हसू नये. साठच्या दशकात ऑस्लोच्या नॉर्वेजियन कम्प्युटिंग सेंटरमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टन न्यूगार्ड हे दोघं सिम्युला भाषेशी झटत होते, तेव्हा त्यांच्यासमोरही पुलावरचा टोलनाका आणि त्यापुढची ट्रक-बसची रांगच होती. रांगेत उभं राहणं सगळ्यांना सारखं, बाकीचं ज्याचं त्याचं वेगळं. त्यातून सिम्युला ६७ मध्ये क्लास, सबक्लास आणि व्हर्च्युअल प्रोसिजर आले. बियार्ने स्ट्रॉस्ट्रुप यांनी व्हर्च्युअल हा शब्द तिथूनच उचलून सी प्लस प्लसमध्ये आणला. जावानं तर मेथड व्हर्च्युअल असणं हाच नियम केला आणि नको असेल तिथे फायनल लिहा म्हणून सांगितलं.

या घराण्यात सुरुवातीपासून दोन निराळ्या गोष्टींची गाठ मारलेली आहे. एक म्हणजे इनहेरिटन्स, बेस क्लासचा कोड पोटच्या क्लासनं आयता वापरणं. दुसरी डायनॅमिक डिस्पॅच, म्हणजे प्रोग्राम चालू असताना समोरची वस्तू कोणती आहे ते पाहून मेथड निवडणं. दुसरी गोष्ट अस्सल आहे. पहिलीनं दिलं त्यापेक्षा घेतलं जास्त, आणि गेल्या तीस वर्षांतलं चांगलं भाषा-रचनेचं काम बरंचसं ही गाठ सोडवण्याचंच आहे.

आधी डिस्पॅच. सी प्लस प्लसच्या नेहमीच्या कंपायलरमध्ये व्हर्च्युअल फंक्शन असलेल्या वस्तूत एक लपलेला पॉइंटर असतो. तो त्या क्लासच्या तक्त्याकडे, व्हीटेबलकडे, बोट दाखवतो. निव्वळवजन हे फंक्शन तक्त्यात कितव्या खणात आहे ते कंपायलर आधीच ठरवून ठेवतो. त्या खणात हायवाचा पत्ता आहे की ट्रेलरचा, ते गाडी समोर आल्यावर कळतं. टाइपची शिस्त इथे कामी येते. कोणता कोड चालेल हे आधी माहीत नसतं, पण खण रिकामा नसेल याची हमी असते. स्मॉलटॉकमध्ये ही हमी नव्हती. तिथे वस्तू चालत्या प्रोग्राममध्ये ‘मला हा निरोप कळला नाही’ म्हणून हात वर करू शकते.

डिस्पॅचच्या सोयीची किंमत लोक तक्त्यातून मारलेल्या उडीच्या वेळात मोजतात. खरा तोटा वेगळा आहे: कुठे जायचं ते ठाऊक नसल्यानं कंपायलरला फंक्शन जागेवर उलगडता येत नाही, आणि पुढच्या सगळ्या सुधारणा अडतात. (२०१८ मध्ये स्पेक्टर ही प्रोसेसरमधली त्रुटी उघडकीस आल्यावर त्यावरच्या काही उपायांनी उडीही महाग केली, ते निराळं.) म्हणून कंपायलरवाल्यांची सगळी हुशारी डिस्पॅच टाळण्यात खर्ची पडते. जावाचं हॉटस्पॉट आतापर्यंत लोड झालेले क्लास पाहतं. मेथडचा एकच अवतार दिसला तर थेट कॉल करून मोकळं होतं आणि उद्या दुसरा क्लास आला तर तो कोड फेकून देतं. प्रोग्राम न चालवताच कोणता कॉल कुठे जाईल ते ताडणं ही दुसरी वाट. तिच्यावर मुंबईत आयआयटीत मोलाचं काम झालं आहे. रोहन पाध्ये आणि उदय खेडकर यांनी २०१३ मध्ये सूट या जावा-विश्लेषण साधनावर जी चौकट उभी केली, तिनं सूटच्या स्पार्क इंजिनापेक्षा कितीतरी नेमके कॉल ग्राफ बांधले.

आता इनहेरिटन्स. काट्यावरच्या नोंदवहीचा क्लास घ्या. त्यात दोन मेथड: एक खेप नोंदवणारी ‘नोंद’ आणि यादी नोंदवणारी ‘सर्वनोंद’. खेपा मोजायला आपण मोजणीवही हा सबक्लास काढतो आणि दोन्ही ओव्हरराइड करतो. नोंदमध्ये मोजणी एकनं वाढवायची, सर्वनोंदमध्ये यादीच्या लांबीइतकी, आणि मग मूळ काम सुपरकडे सोपवायचं. तीन खेपांची यादी दिली की मोजणी सहा दाखवते. कारण बेस क्लासची सर्वनोंद आतून प्रत्येक खेपेसाठी नोंदला हाक मारते, आणि डिस्पॅच इमानदारीनं ती हाक आपल्या नव्या नोंदकडे आणून पोचवतो. टाइप-चेकर गप्प, कारण टाइप सगळे बरोबर आहेत. सर्वनोंदमधली वाढ काढून टाकली की आकडा जुळतो. पुढे बेस क्लास लिहिणाऱ्यानं वेगासाठी ती आतली हाक काढली की मोजणी शून्यावर येते. त्यानं आपल्या वहीत काही बिघडवलेलं नसतं. त्याच्या आतल्या घडणीवर आपण मात्र न विचारता घर बांधलेलं असतं.

मोजणीवहीनं मूळ वही नुसती पोटात ठेवली आणि दोन्ही कामं तिच्याकडे सोपवली, तर आतली हाक आतच राहते आणि आकडा तीन येतो. चार ओळी जास्त, एवढाच भुर्दंड. वारशापेक्षा जोडणी बरी, हे डिझाइन पॅटर्न्सच्या चौघा लेखकांनी १९९४ मध्येच सांगून ठेवलं होतं. आणि खुद्द जावाच्या लायब्ररीत स्टॅक हा व्हेक्टरचा सबक्लास आहे. म्हणजे ज्याच्या फक्त माथ्यावर ठेवायचं-काढायचं, त्याच्या मधोमधही हवं ते घुसवता येतं!

सिद्धांताच्या बाजूनं निकाल जुनाच आहे. १९९० मध्ये कुक, हिल आणि कॅनिंग यांनी दाखवलं की इनहेरिटन्स म्हणजे सबटायपिंग नव्हे. लिस्कोव्ह आणि विंग यांनी १९९४ मध्ये मांडलं की सबटाइपनं नुसती मेथडची नावं जुळवून भागत नाही, वागणूकही पाळावी लागते. जावाचे ॲरे तर नावांच्याही पुढे घसरले. ट्रकचा ॲरे वाहनांचा ॲरे म्हणून पुढे करता येतो, त्यात ट्रेलर ठेवायलाही कंपायलर हरकत घेत नाही, आणि प्रोग्राम चालताना मग ॲरेस्टोअरएक्सेप्शन येऊन आदळतं.

नव्या भाषांनी यातून धडा घेतलेला दिसतो. २००९ मध्ये जाहीर झालेल्या गो भाषेत सबक्लास नाहीच. लागणाऱ्या मेथड असल्या की इंटरफेस आपोआप लागू. २०१५ मध्ये स्थिरावलेल्या रस्टमध्ये ट्रेट आहेत आणि डायनॅमिक डिस्पॅच हवा तर डीवायएन असं स्पष्ट लिहावं लागतं. किंमत मोजणाऱ्याला ती डोळ्यांनी दिसते, हे मला फार आवडतं. कॉटलिननं क्लास मुळातच बंद ठेवले. जावानंही सतराव्या आवृत्तीत सील्ड क्लास आणि एकविसाव्यात स्विचमधलं पॅटर्न मॅचिंग आणून दुसरं दार उघडलं: गाड्यांचे प्रकार ठरलेले असतील तर एखादा विसरल्याचं कंपायलरच सांगतो. अर्थात नवा प्रकार आला की असे सगळे स्विच उघडावे लागतात. उलट क्लासच्या वाटेनं गेलं तर नवी क्रिया आली की सगळे क्लास उघडावे लागतात. फिलिप वॉडलर यांनी १९९८ मध्ये याला एक्स्प्रेशन प्रॉब्लेम म्हटलं. त्यावर तोडगे पुष्कळ निघाले, फुकटचा एकही नाही.

इनहेरिटन्स मेलं असं म्हणणं मात्र उतावळेपणाचं आहे. पडद्यावरच्या बटणं-खिडक्यांच्या लायब्रऱ्यांत त्याची सोय अजून खरी आहे, आणि ब्राउझरमधल्या डॉमसारखी खोल उतरंड रस्टमध्ये बसवताना चांगलाच घाम फुटतो.

मागे राहिला आहे तो शिकवण्याचा वर्ग. अजूनही प्राणी, कुत्रा, मांजर. अजूनही मुलाखतीत डायमंड प्रॉब्लेम. अभियांत्रिकीच्या शिक्षकांना म्हणून एवढीच विनंती: पहिल्या आठवड्यात इंटरफेस आणि डिस्पॅच शिकवा, क्लास फायनल लिहायची सवय लावा, आणि एक्स्टेंड्स सत्राच्या शेवटी आणा, मोजणीवहीच्या उदाहरणासकट.