एका गणितज्ञाची कैफियत आणि एक शाळामास्तर

फराळाच्या ताटाबरोबर एखादा वाद रंगला नाही, तर आमच्या घरी दिवाळी झाल्यासारखी वाटत नाही. राजकारण काढायचे नाही, असा आमच्या थोरल्या बंधूंचा दंडक आहे. त्यामुळे वाद बहुधा शास्त्र, गणित आणि विद्यापीठे या निरुपद्रवी विषयांकडे वळतो. मंगळावर यान धाडून गरिबाच्या पानात काय पडले? बीजगणित शिकून आजवर कोणाचे भले झाले? प्राध्यापक मंडळी दिवसातून नक्की किती तास काम करतात? या विषयांवर बोलायला विशेष अभ्यास लागत नाही, असे प्रत्येकाचे प्रामाणिक मत असल्याने चकल्या संपल्या तरी वाद संपत नाही.

गेल्या दिवाळीत या वादात माझा भाचा होता. तो गणितात संशोधन करतो. बोलता बोलता कोणीतरी म्हणाले, "आपल्या घरात दोन गणिती झाले की! मामा शाळेत गणित शिकवतात आणि भाचा विद्यापीठात करतो." त्यावर भाचा हसून म्हणाला, "मामा, रागावू नका हं. पण गणित शिकवणं निराळं आणि गणित करणं निराळं. हार्डींनी हे केव्हाच लिहून ठेवलंय." दुसऱ्या दिवशी जाताना ते पुस्तक माझ्याजवळ ठेवून गेला.

ते पुस्तक म्हणजे जी. एच. हार्डी यांचे 'अ मॅथेमॅटिशियन्स अपॉलॉजी'. नावातला शेवटचा शब्द पाहून हे माफीपत्र असावे, असे वाटते. तसे ते नाही. आपल्या जुन्या दफ्तरांत ज्याला 'कैफियत' म्हणतात, ते हे आहे. आयुष्यभर मी गणित केले, ते कशासाठी आणि त्याचे मोल काय, याचा जबाब हार्डींनी जगापुढे ठेवला आहे. पुस्तक निघाले १९४० साली. हार्डी तेव्हा साठी ओलांडलेले होते. आदल्याच वर्षी त्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता आणि नवे गणित आता आपल्या हातून होत नाही, हे त्यांना कळून चुकले होते. पुस्तक आहे जेमतेम शे-दीडशे पानांचे. त्यातले इंग्रजी इतके स्वच्छ की, माझ्यासारख्या मॅट्रिकवर थांबलेल्या माणसालाही ते कोश फारसा न उघडता वाचता आले.

मात्र पहिल्याच पानावर मला ठेच लागली. गणिताविषयी लिहावे लागणे ही गणितज्ञाच्या दृष्टीने खेदाची गोष्ट आहे, असे हार्डी आरंभीच सांगतात. गणितज्ञाचे काम नवे प्रमेय सिद्ध करणे. दुसऱ्याने केलेले समजावून सांगणे, त्याची समीक्षा करणे, त्याचे रसग्रहण करणे ही कामे दुय्यम बुद्धीच्या माणसांची. पुढे ते म्हणतात की, गणित हा तरुणांचा खेळ आहे. पन्नाशीनंतर कोणी गणितात मोठी वाट पाडल्याचे उदाहरण आपल्याला ठाऊक नाही. वाचकहो, माझी अवस्था ध्यानात घ्या. मी शिकवतो, म्हणजे समजावून सांगतो. हा लेख लिहितो आहे, म्हणजे समीक्षा करतो. आणि चाळिशी केव्हाच उलटून गेली आहे. तिन्ही कलमांखाली मी गुन्हेगार ठरलो!

पण समीक्षकाने रागावून चालत नाही. प्रथम पुस्तकाचे गुण सांगितले पाहिजेत, आणि ते मोठे आहेत. चित्रकार आणि कवी यांच्याप्रमाणे गणितज्ञही आकृतिबंध निर्माण करतो, त्याचे आकृतिबंध कल्पनांचे असतात आणि त्यांची पहिली कसोटी सौंदर्य हीच आहे, असे हार्डी म्हणतात. हे नुसते विधान करून ते थांबत नाहीत. प्राचीन ग्रीकांच्या दोन सिद्धता ते वाचकापुढे मांडतात. त्यांतली युक्लिडची सिद्धता तर दिवाणखान्यात बसून सांगता येईल अशी आहे. २, ३, ५, ७ अशा ज्या संख्यांना १ आणि स्वतः यांखेरीज कोणी भागत नाही, त्या मूळ संख्या. त्या कोठेतरी संपतात असे समजा. मग त्या सगळ्यांचा गुणाकार करा आणि त्यात १ मिळवा. या नव्या संख्येला आपल्या यादीतल्या कोणत्याही मूळ संख्येने भागले, तरी बाकी १ उरणारच. म्हणजे एक तर ही संख्या स्वतःच मूळ आहे, नाही तर तिला भागणारी मूळ संख्या यादीबाहेर आहे. २, ३ आणि ५ घेतले तर ३१ येते; ती स्वतः मूळ आहे. १३ पर्यंतच्या सगळ्या घेतल्या तर ३००३१ येते. ती ५९ आणि ५०९ यांचा गुणाकार आहे आणि हे दोघेही यादीबाहेरचे. तेव्हा मूळ संख्यांना अंत नाही. दोन हजारांहून अधिक वर्षे झाली, पण या युक्तिवादावर एक सुरकुती पडलेली नाही. हार्डींनी तो मला अशा रीतीने समजावला की, मी वही मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो.

आता प्रश्न असा की, त्यांनी माझ्यासाठी हे जे केले ते काय होते? समजावून सांगणे आणि रसग्रहण करणे, हेच ना? सिद्धता युक्लिडची; हार्डींनी फक्त ती दाखवली. ज्या कामाला त्यांनी दुय्यम म्हटले, ते त्यांनी पहिल्या प्रतीचे करून ठेवले आहे. आणि हे काही म्हातारपणीच घडले असे नव्हे. १९०८ साली, वयाच्या तिशीत, त्यांनी 'अ कोर्स ऑफ प्युअर मॅथेमॅटिक्स' हे पाठ्यपुस्तक लिहिले. पुढच्या कित्येक पिढ्या त्यावर शिकल्या. खुद्द हार्डींचे आईवडीलही शिक्षकी पेशातले होते.

हा दुय्यमपणाचा निवाडा झाला तरी कोठे? मौज अशी की, त्याची जडणघडणही जेवणाच्या पंक्तीतच झाली. केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात ए. ई. हाउसमन हे कवी आणि लॅटिनचे मोठे पंडित होते. १९३३ साली दिलेल्या एका व्याख्यानात त्यांनी वाङ्मयसमीक्षकाच्या शक्तीला फार मोठा मान दिला. हार्डींना ते मुळीच रुचले नाही. जेवताना शेजारी बसून त्यांनी हाउसमनशी पूर्ण जेवणभर वाद घातला आणि शेवटी ते बहुतेक आपल्याशी सहमत झाले, असे ते लिहितात. हाउसमन १९३६ साली वारले. जो माणूस आता उलट बोलू शकत नाही, त्याच्यावर विजयाचा दावा सांगणे बरे नव्हे, हेही हार्डी नमूद करतात. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला. आमच्या फराळाच्या वादात असा कबुलीजबाब अजून कोणी दिलेला नाही.

हार्डींची दुसरी बाजू उपयोगाची. आपण काही उपयुक्त केले नाही, असे ते थोड्या अभिमानानेच सांगतात. महायुद्ध पेटले होते. अशा वेळी आपले गणित निरुपयोगी आहे, म्हणून निदान ते निष्पाप तरी आहे, हा त्यांचा दिलासा होता. अंकशास्त्राचा किंवा सापेक्षतावादाचा युद्धाला उपयोग अजून कोणाला सापडलेला नाही आणि पुष्कळ वर्षे सापडेल असे दिसत नाही, असे त्यांनी १९४० साली लिहिले. पाचच वर्षांनी हिरोशिमा झाले. आणि १९७७ साली रिव्हेस्ट, शमिर व एडलमन या तिघांनी दोन प्रचंड मूळ संख्यांच्या गुणाकारावर गुप्तलेखनाची एक पद्धत उभारली. असा गुणाकार करणे सोपे, पण त्यावरून मूळचे दोन अवयव शोधणे अतिशय कठीण, हे तिचे मर्म. संगणकावरून होणारे व्यवहार सुरक्षित राखण्यासाठी ती जगभर वापरली गेली. हार्डींच्या निष्पाप संख्या अशा रीतीने बाजारात येऊन बसल्या.

त्यांच्या हयातीतही असेच एकदा झाले होते. १९०८ साली त्यांच्याबरोबर क्रिकेट खेळणारे आनुवंशशास्त्रज्ञ पनेट यांनी त्यांना एक शंका विचारली. प्रबळ गुणधर्म पिढ्यान् पिढ्या वाढत जाऊन सगळ्या समाजात का पसरत नाही? हार्डींनी साध्या बीजगणिताने दाखवून दिले की, बाहेरून काही कारण घडले नाही, तर प्रमाण पहिल्या पिढीनंतर स्थिरच राहते. त्याच साली वाइनबर्ग या जर्मन वैद्यानेही स्वतंत्रपणे तेच सांगितले. आज जीवशास्त्राच्या पुस्तकांत हा नियम दोघांच्या नावाने छापला जातो. सहज निघालेल्या गोष्टीतून हे उपजले. तेव्हा गप्पांना अगदीच तुच्छ लेखू नये. फक्त त्या गप्पांत एकाला खरी शंका असावी लागते आणि दुसऱ्याने कागद पुढे ओढावा लागतो.

वयाच्या कलमाचेही तसेच. फ्रान्सच्या अपेरींनी १९७८ साली एक जुना गाजलेला प्रश्न सोडवला, तेव्हा ते एकसष्ट वर्षांचे होते. यिटांग झांग हे अमेरिकेतल्या एका विद्यापीठात साधे अध्यापक होते. त्याआधी उपाहारगृहातही त्यांनी काम केले होते. ज्यांच्यातले अंतर सात कोटींच्या आत आहे अशा मूळ संख्यांच्या जोड्या अनंत आहेत, हे त्यांनी २०१३ साली सिद्ध केले. तेव्हा तेही पन्नाशीच्या बरेच पुढे गेलेले होते. अशी उदाहरणे थोडी आहेत, हे मान्य. पण 'थोडी' म्हणजे 'नाहीत' नव्हे, एवढे तरी गणितज्ञाने मान्य केले पाहिजे.

आता मुख्य गोष्ट. हार्डींना एकदा विचारण्यात आले की, गणिताला तुमची सर्वांत मोठी देणगी कोणती? विचारणारा गणितज्ञ पॉल एर्डिश होता. हार्डी म्हणाले, रामानुजनचा शोध. जानेवारी १९१३ मध्ये मद्रासच्या पोर्ट ट्रस्टमधल्या एका कारकुनाचे पत्र हार्डींच्या हाती पडले. पगार वर्षाला वीस पौंड, विद्यापीठाची पदवी नाही, कॉलेजच्या परीक्षेत नापास. आणि सोबत प्रमेयांची पानेच्या पाने. केंब्रिजच्या इतर विद्वानांकडूनही अशी पत्रे तशीच परतली होती. हार्डी मात्र लिटलवुड यांना घेऊन त्याच संध्याकाळी ती पाने वाचायला बसले. काही प्रमेयांपुढे ते स्वतः हतबल झाले. ती खरी असलीच पाहिजेत, कारण ती खोटी रचण्याइतकी कल्पकता कोणाजवळ असणार, असा त्यांनी निष्कर्ष काढला. मध्यरात्रीपूर्वी त्यांची खात्री पटली होती.

या रात्री हार्डींनी कोणतेही प्रमेय सिद्ध केले नाही. त्यांनी वाचले, पारखले आणि ओळखले. समीक्षक याहून निराळे काय करतो? आणि आणखी मागे जा. कुंभकोणमच्या त्या मुलाला गणिताचे वेड कोणी लावले? जी. एस. कार नावाच्या इंग्लंडमधल्या एका शिकवणीवाल्याच्या पुस्तकाने. परीक्षार्थींसाठी त्याने हजारो सूत्रे ओळीने संगतवार मांडली होती. कारच्या नावावर एकही मोठे प्रमेय नाही. पण सोळाव्या वर्षाच्या सुमारास ते पुस्तक रामानुजनच्या हाती आले आणि पुढचे सारे घडले. एका टोकाला समजावणारा, दुसऱ्या टोकाला ओळखणारा. मधली ज्योत या दोघांनी जपली.

आपल्याकडचे उदाहरण घरातलेच आहे. द. रा. कापरेकर १९३० ते १९६२ पर्यंत देवळालीला शाळामास्तर होते. विद्यापीठातल्या पंडितांनी त्यांचे अंकांचे छंद फारसे मनावर घेतले नाहीत. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी अमेरिकेतल्या एका शास्त्रविषयक मासिकात त्यांच्यावर लिहिले, तेव्हा त्यांचे नाव जगभर गेले. गार्डनर यांच्याजवळ गणिताची पदवी नव्हती. हार्डींच्या मापाने मोजले, तर एका दुय्यमाने दुसऱ्या दुय्यमाला ओळखले!

हार्डींच्या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणत नाही. स्वतः काही न करता करणाऱ्यांना गुण वाटत बसणारे समीक्षक असतात, तसेच विषयाचे प्रेम मेलेले मास्तरही असतात. मी दोन्ही पाहिले आहेत आणि वाईट दिवशी तसा वागलोही आहे. पण तो माणसांचा दोष, कामाचा नव्हे.

हे पुस्तक परत देताना मी भाच्याला हे सगळे सांगितले. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, ते तुम्हाला नव्हतं म्हटलं मी. मी बत्तीसचा झालो. रामानुजन या वयात गेला. माझ्या हातून अजून काहीच झालं नाही. एका कॉलेजात शिकवायची जागा चालून आलीय, आणि मला वाटतंय मी हरलो."

फराळाचा वाद इतका खोल गेलेला असतो, हे मला तोवर कळले नव्हते. मी त्याला उपदेश केला नाही. एवढेच म्हणालो, "हार्डींनी ही कैफियत लिहिली तेव्हा तेही असेच खचलेले होते, हे पानोपानी दिसतं. खचलेल्या माणसाचा जबाब ऐकावा. पण त्याचा निकाल करू नये." त्याने ती जागा घेतली आहे. संशोधनही सोडलेले नाही.

यंदा फराळाला बसाल, तेव्हा मुलांना कागद-पेन्सिल द्या. चारही अंक सारखे नसलेली कोणतीही चार आकडी संख्या घ्यायला सांगा. अंक उतरत्या क्रमाने लिहा, मग चढत्या, आणि वजाबाकी करा. उत्तरावर पुन्हा तेच. आकडे कमी पडले तर पुढे शून्य धरा. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ गेले, ३०८७ राहिले. ८७३० मधून ०३७८ गेले, ८३५२ राहिले. ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४ राहिले. फार तर सात वेळा करावे लागेल. शेवटी ६१७४ च येईल आणि तेथेच थांबेल. हा देवळालीच्या कापरेकर मास्तरांचा शोध, हे मुलांना जरूर सांगा. आणि एखादे पोर विचारील, "असं का होतं?" तेव्हा त्याला चकली देऊन गप्प करू नका. कागद पुढे ओढा.